नवी मुंबईत एवढी डेटा सेंटर नेमकी कशासाठी?

(एपिसोडचं लिखित रूप. 'म्हणजे' आणि 'बघा' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज जरा घराजवळचा विषय घेतोय. मी सीबीडी बेलापूरला राहतो, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि माझं रोजचं काम क्लाउडवर चालतं. मी लिहिलेला कोड कुठल्या तरी डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर पळतो आणि त्यातूनच माझा पगार येतो. त्यामुळे आजचं बोलणं 'डेटा सेंटर वाईट, बंद करा' अशा थाटाचं नसणार, हे आधीच सांगून ठेवतो. पण गेल्या काही महिन्यांत तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवलाय. नवी मुंबईत रोज नवीन डेटा सेंटरची घोषणा होते, हजारो कोटींचे आकडे येतात, हे सगळं खरंच आपल्या डेटासाठी चाललंय, की आत काहीतरी वेगळंच आहे?

प्रश्न रास्त आहे. संशय घेणं म्हणजे लगेच कटकारस्थान शोधणं नव्हे. समोरच्याला नेमकं काय हवंय हे कळलं, तर आपण त्याच्याकडे काय मागायचं हे ठरवता येतं. आजचा एपिसोड एवढ्यासाठीच आहे.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. ठाणे-बेलापूर रोडने दिघ्याहून निघालात की ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे, तुर्भे असं करत तुम्ही बेलापूरला येता. रस्त्याच्या पूर्वेला पारसिकच्या डोंगरापर्यंत जो पट्टा आहे, तो एमआयडीसीचा टीटीसी औद्योगिक पट्टा. आपल्या आई-वडिलांच्या पिढीला तो केमिकल कंपन्यांचा पट्टा म्हणून आठवतो. शिफ्ट सुटली की सायकली आणि कंपनीच्या बसेस, हवेत तो ओळखीचा वास. त्यातल्या बऱ्याच कंपन्या बंद पडल्या किंवा हलल्या. आज त्याच पट्ट्यात खिडक्या नसलेल्या उंच इमारती दिसतात. बाहेर मोठी पाटी नाही, गर्दी नाही, चहाची टपरीसुद्धा लांब. गच्चीवर कूलिंगची यंत्रं आणि बाजूला जनरेटरची रांग. ती डेटा सेंटर. पनवेलच्या बाजूला हिरानंदानींच्या टाउनशिपमध्ये योट्टाचं मोठं सेंटर २०२० मध्ये सुरू झालं. देशातल्या एकूण डेटा सेंटर क्षमतेपैकी साधारण निम्मी क्षमता या मुंबई महानगर परिसरात आहे.

आता प्रामाणिकपणे पहिली बाजू मांडतो. गरज खोटी नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आदेश काढला की पेमेंटचा डेटा भारतातच साठवायचा, आणि कंपन्यांना सहा महिने दिले. तुम्ही वडापावचे वीस रुपये यूपीआयने देता, त्या व्यवहाराची नोंद देशात राहिली पाहिजे. हा नियम मला योग्य वाटतो. स्टेट बँकेचं ग्लोबल आयटी सेंटर तर आमच्या बेलापुरातच आहे. दुसरं कारण अंतराचं. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेट केबल मुंबईच्या किनाऱ्यावर, वर्सोव्याच्या बाजूला वर येतात. बँका, शेअर बाजार, ओटीटी कंपन्या सगळं इथेच. सर्व्हर जितका जवळ तितकं उत्तर लवकर येतं. अ‍ॅमेझॉनने आपला क्लाउडचा मुंबई विभाग जून २०१६ मध्ये सुरू केला. त्याआधी भारतातल्या कित्येक स्टार्टअपचा डेटा सिंगापूरहून फिरून यायचा. आज मॅचच्या शेवटच्या ओव्हरला तुमच्या फोनवरचं चक्र फिरत बसत नाही, त्यात या इमारतींचाही हात आहे.

म्हणजे गरज आहे. पण गरज आहे म्हणून प्रत्येक घोषणा त्या गरजेसाठीच आहे, असं होत नाही. गावाला विहीर लागते, पण कुणी एकाच शेतात दहा विहिरी खणायला लागला तर आपण विचारतोच ना, की बाबा, तुला पाणी हवंय की अनुदान?

नोकऱ्यांचा आकडा

घोषणेत सगळ्यात मोठ्या अक्षरात काय असतं? नोकऱ्या. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

जानेवारी २०२५ मध्ये दावोसला महाराष्ट्र सरकारचा अ‍ॅमेझॉनबरोबर करार झाला. रक्कम ७१ हजार कोटींच्या वर, आणि बातम्यांमध्ये ८० हजारांवर नोकऱ्या. ऐकायला जबरदस्त. पण कंपनीने स्वतः जे म्हटलं, ते नीट वाचा. त्यांचा दावा असा की २०३० पर्यंत ही गुंतवणूक डेटा सेंटरच्या स्थानिक पुरवठा साखळीत दरवर्षी सुमारे ८१,३०० पूर्णवेळ नोकऱ्यांना 'आधार' देईल. यात बांधकाम आलं, देखभाल आली, टेलिकॉम आलं, इंजिनिअरिंगचे कंत्राटदार आले. सिमेंट वाहणाऱ्या ट्रकवाल्याचं कामही या हिशेबात बसतं. ते काम खोटं नाही, पण इमारत उभी राहिली की ट्रक पुढच्या साइटवर जातो. बातमीत मात्र 'पुरवठा साखळीत आधार' हे शब्द गळतात आणि 'नोकऱ्या' एवढाच शब्द उरतो.

दुसरं उदाहरण. सप्टेंबर २०२५ मध्ये लोढा डेव्हलपर्सचा राज्य सरकारबरोबर पलावाच्या डेटा सेंटर पार्कसाठी करार झाला. शिळफाट्यावरून पुढे गेलात की पलावा. गुंतवणूक ३० हजार कोटी, रोजगार सुमारे ६ हजार. भागाकार करा. एका रोजगारामागे पाच कोटी रुपये. या दोन करारांत आकडे इतके वेगळे का दिसतात? कारण मोजण्याची पद्धत वेगळी. कुणी साखळी मोजतो, कुणी काय. आपण मात्र दोन्ही ठिकाणी तोच 'नोकऱ्या' शब्द वाचतो.

माझा एक आतेभाऊ घणसोलीला राहतो. आयटीआय इलेक्ट्रिशियन झालाय. त्याने मला विचारलं, "दादा, त्या नवीन डेटा सेंटरमध्ये माझं होईल का रे काही?" मी त्याला सांगितलं, होऊ शकतं. तिथे इलेक्ट्रिशियन लागतात, एसीवाले लागतात, सिक्युरिटी लागते, सर्व्हर बदलणारे टेक्निशियन लागतात, सगळे शिफ्टमध्ये. पण एका मोठ्या सेंटरमधली कायमची माणसं शेकड्यांत मोजायची असतात, हजारांत नाही. त्याच आकाराच्या जागेवर पूर्वी कारखाना असता, तर कँटीनच्या रांगेतच त्याहून जास्त माणसं दिसली असती. आणि शेकड्यांतलीही बरीच कंत्राटावर. डेटा सेंटरचं डिझाइनच कमी माणसांसाठी असतं. माझ्यासारखा जो माणूस ते सर्व्हर चालवतो, तो तिथे पाऊलही ठेवत नाही. मी बेलापुरात बसून काम करतो, उद्या बंगळुरूला बसून करीन, सर्व्हरला फरक पडत नाही.

मग भावाला नोकरी देणं हा जर यांचा मुख्य उद्योग नाही, तर मुख्य उद्योग कोणता? मला तीन गोष्टी दिसतात. जमीन, वीज आणि सवलत. एकेक घेऊ.

जमीन

एक साधी गोष्ट बघा. डेटा सेंटर उभारणाऱ्यांच्या यादीत क्लाउड आणि टेलिकॉम कंपन्या असणं समजू शकतं. पण त्यात बिल्डर किती आहेत? योट्टा हिरानंदानी समूहातून आलेली. पलावा लोढांचं. ऐरोलीत सिंगापूरच्या कॅपिटालँडचं सेंटर उभं राहतंय, ती मुळात आयटी पार्क भाड्याने देणारी कंपनी. ऐरोलीच्याच माइंडस्पेसमध्ये, जिथे तुमच्यातले कित्येक जण रोज कॅब पकडून जातात, तिथेही डेटा सेंटरसाठी इमारती बांधून भाड्याने दिल्यात.

बिल्डरने डेटा सेंटर बांधू नये असा कायदा नाही आणि त्यात काही पापही नाही. पण त्याचा धंदा समजून घ्या. फ्लॅट विकला की एकदाच पैसे येतात. ऑफिस भाड्याने दिलं तर कोविडसारखी वेळ आली की ते रिकामं पडतं. डेटा सेंटरचा भाडेकरू मात्र दहा-पंधरा वर्षांचा करार करतो आणि कोट्यवधींची यंत्रं आत बसवल्यावर सहजासहजी हलत नाही. असा भाडेकरू असलेली जमीन तारण ठेवता येते, तिच्यावर कर्ज मिळतं, तिच्यात परदेशी फंड पैसे घालतात. बाजूच्या रिकाम्या प्लॉटचा भावही वर जातो. म्हणजे सर्व्हर निमित्तमात्र नाही, पण या हिशेबात जमीन पहिली आणि सर्व्हर दुसरा.

हा संशय मला का येतो? कारण आपल्या भागाने हे एकदा पाहिलंय. २००५ च्या आसपास शब्द होता 'सेझ'. विशेष आर्थिक क्षेत्र. निर्यात होणार, लाखो रोजगार येणार. रिलायन्सच्या महामुंबई सेझसाठी पेण, उरण, पनवेल तालुक्यांतली जमीन घ्यायची होती. शेतकऱ्यांनी विरोध केला आणि २१ सप्टेंबर २००८ ला पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारला सार्वमत घ्यावं लागलं. तो सेझ उभा राहिलाच नाही. दुसरीकडे द्रोणागिरी, उलवे, कळंबोलीचा नवी मुंबई सेझ सिडकोच्या ताब्यातल्या जमिनीवर होता. तिथे वर्षानुवर्षं म्हणावे तसे कारखाने आले नाहीत. २०१८ मध्ये त्याचं एकात्मिक औद्योगिक क्षेत्रात रूपांतर करायला सरकारने परवानगी दिली. नाव बदललं, नियम बदलले, निर्यातीचं स्वप्न मागे पडलं. जमीन मात्र जिच्या ताब्यात होती तिच्याच ताब्यात राहिली.

डेटा सेंटर आणि सेझ एकच आहेत असं मी म्हणत नाही. डेटा सेंटर खरोखर बांधली जातायत आणि खरोखर चालू आहेत. पण घोषणा झालेली क्षमता आणि चालू झालेली क्षमता यात मोठं अंतर असतं. सगळी घोषित सेंटर उभी राहिली नाहीत, एआयची लाट ओसरली, तर उरणारी वस्तू कोणती? पुन्हा जमीन. म्हणून स्वस्तात किंवा सवलतीत जमीन देताना, अमुक वर्षांत अमुक मेगावॅट चालू झाले नाहीत तर प्लॉट परत घेणार, ही अट करारात आहे का आणि ती पाळली जाते का, हे आपण विचारायलाच हवं.

वीज

आता माझ्या आवडीचा भाग, हिशेब. डेटा सेंटर फुटांत मोजत नाहीत, मेगावॅटमध्ये मोजतात. यावरूनच कळतं की ही कंपनी मुळात वीज विकत घेऊन तिची उष्णता करणारी आणि मग ती उष्णता बाहेर टाकणारी कंपनी आहे. मधल्या वेळात आपलं काम होतं.

समजा सर्व्हरचा लोड १ मेगावॅट आहे. थंडावा, पंप, दिवे, बॅटरीतली गळती धरून एकूण वीज त्याच्या दीडपट लागते असं मानू. या गुणोत्तराला आमच्या धंद्यात पीयूई म्हणतात. चांगल्या सेंटरचा पीयूई दीडपेक्षा कमी असतो, पण आपल्या दमट हवेत दीड धरणं फार चुकीचं नाही. म्हणजे तासाला १,५०० युनिट. वर्षाला सुमारे १ कोटी ३१ लाख युनिट. महिन्याला २०० युनिट वापरणारं घर वर्षाला २,४०० युनिट वापरतं. म्हणजे सर्व्हरचा एक मेगावॅट म्हणजे जवळपास साडेपाच हजार घरं. पन्नास मेगावॅटचं सेंटर पूर्ण लोडवर चाललं तर पावणेतीन लाख घरं. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिका हद्दीत ११ लाखांवर लोक होते. घरटी चार माणसं धरली तर जवळजवळ अख्खं शहर. एका इमारतीत. प्रत्यक्षात सेंटर पूर्ण लोडवर क्वचितच चालतं, हे खरं. पण इथे एकच सेंटर नाही, हेही खरं.

हे फक्त कागदी भय नाही. आयर्लंड बघा. मोठ्या अमेरिकन कंपन्यांना कमी कराने आपल्याकडे ओढणारा देश. तिथल्या सरकारी सांख्यिकी कार्यालयाचा आकडा असा की २०२३ मध्ये देशाच्या मीटरवरच्या एकूण विजेपैकी २१ टक्के वीज डेटा सेंटरनी वापरली. सगळ्या शहरी घरांनी मिळून वापरली त्याहून जास्त. डब्लिन भागात नवीन सेंटरला वीजजोडणी देणं जवळपास थांबवावं लागलं.

आपल्याकडे वीज कुठून येणार? १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार आठवतो? सकाळी दहाच्या सुमाराला अख्ख्या मुंबई महानगराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. कळवा-पडघा बाजूच्या वाहिन्यांपासून सुरू झालेला तो बिघाड. आपल्या भागात बाहेरून वीज आणायच्या वाहिन्यांना मर्यादा आहेत, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. म्हणूनच ट्रॉम्बेच्या कोळशावरच्या वीजकेंद्राला मुदतवाढ मिळते. तिथला वीज खरेदी करार राज्य वीज नियामक आयोगाने २०२९ पर्यंत वाढवला. त्याला डेटा सेंटर हे एकमेव कारण नाही, वाढतं शहरही आहे. पण 'आम्ही शंभर टक्के हरित ऊर्जा वापरतो' असं लिहिलेल्या जाहिराती वाचताना एक लक्षात ठेवा. राजस्थानातली सोलर वीज कागदावर खरेदी करता येते. रात्री दोनला ऐरोलीतला सर्व्हर चालवणारी वीज मात्र त्या वेळी ग्रीडमध्ये जी असेल तीच असते. आणि त्या ग्रीडच्या एका टोकाला माहुलमध्ये राहणारी माणसं आहेत, जी तो धूर श्वासात घेतात.

आणखी एक गंमत. पनवेलच्या त्या टाउनशिप परिसरात वीज वितरणाचा परवाना हिरानंदानी समूहाशीच संबंधित कंपनीकडे आहे. म्हणजे जमीन त्यांची, इमारत त्यांची, सर्व्हरची जागा त्यांची आणि वीज पोचवणारेही तेच. बेकायदेशीर काही नाही, आयोगाच्या परवान्याने चाललंय. पण 'डेटा सेंटर' या एका शब्दात किती धंदे बसतात, ते यातून दिसतं.

सवलत

तुमच्या घरचं वीजबिल काढा. त्यात 'वीज शुल्क' नावाची ओळ आहे. घरगुती ग्राहकाला ते १६ टक्के लागतं. हे महावितरणचे पैसे नाहीत, राज्य सरकारचा कर आहे. आता राज्याचं आयटी धोरण बघा, सध्याचं २०२३ चं आहे. त्यात डेटा सेंटरना वीज शुल्कातून सूट आहे, मुद्रांक शुल्कात सूट आहे, शिवाय आयटी उद्योगांना व्यापारी दराऐवजी औद्योगिक दराने वीज मिळते. आयटीआय झालेल्या माझ्या भावाच्या घरी १६ टक्के, आणि पावणेतीन लाख घरांएवढी वीज घेणाऱ्याला सूट.

केंद्राकडूनही आहेच. २०२२ च्या अर्थसंकल्पात डेटा सेंटरना पायाभूत सुविधांचा दर्जा मिळाला. रस्ते, बंदरं यांच्या रांगेत. त्याचा अर्थ लांब मुदतीचं स्वस्त कर्ज. आणि २०२६ च्या अर्थसंकल्पात प्रस्ताव आला की परदेशी कंपनी भारतातल्या डेटा सेंटरमधून जगभरातल्या ग्राहकांना क्लाउड सेवा देत असेल, तर तिला २०४७ पर्यंत करसवलत. हे वाक्य पुन्हा ऐका. जगभरातल्या ग्राहकांना. म्हणजे सुरुवातीला आपण म्हणालो की भारताचा डेटा भारतात राहावा म्हणून ही सेंटर हवीत. आता जगाचा डेटाही इथे यावा म्हणून सवलत. दोन्हीला एकच 'डेटा सुरक्षा' आणि 'देशाचं हित' हे लेबल लावून चालणार नाही. पहिल्याचा फायदा मला समजतो. दुसऱ्यात वीज आपली, पाणी आपलं, उष्णता आपली, आणि सेवा दुसऱ्या देशातल्या ग्राहकाला. त्या बदल्यात आपल्याला काय, याचा हिशेब सरकारने मांडावा. तो फायद्याचा असेलही. पण मांडा तर खरं.

पाणी आणि गुप्तता

पाण्याचं थोडक्यात. सर्व्हर थंड करायचे दोन ढोबळ मार्ग. पाण्याचं बाष्पीभवन करून, ज्यात वीज कमी आणि पाणी जास्त लागतं. किंवा हवेने, ज्यात पाणी कमी आणि वीज जास्त. म्हणजे कुणी 'आम्ही पाणी वापरतच नाही' म्हणालं की लगेच विचारायचं, मग वीज किती?

टीटीसी पट्ट्याला पाणी बदलापूरजवळच्या एमआयडीसीच्या बारवी धरणातून येतं. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, त्यामुळे आपण शेजारच्यांपेक्षा सुखी आहोत. पण पनवेल, खारघरच्या श्रोत्यांना मे महिन्यातले टँकर वेगळे सांगायला नकोत. चांगली गोष्ट ही की उपाय इथेच उपलब्ध आहे. महापालिकेने कोपरखैरणे आणि ऐरोलीला सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करणारे प्रकल्प उभारलेत, प्रत्येकी रोज २ कोटी लिटर क्षमतेचे, आणि ते पाणी उद्योगांना देण्यासाठीच आहे. मग डेटा सेंटरच्या कूलिंगला तेच पाणी, धरणाचं नाही, अशी सक्तीची अट का नको?

आणि गुप्ततेचा मुद्दा. अमेरिकेत ऑरेगन राज्यात 'द डॅलस' नावाचं छोटं शहर आहे. तिथे गूगलची डेटा सेंटर आहेत. एका वर्तमानपत्राने विचारलं, गूगल किती पाणी वापरतं? शहर प्रशासनाने आकडा द्यायचं नाकारलं, व्यापारी गुपित म्हणून, आणि उलट वर्तमानपत्रालाच कोर्टात खेचलं. वर्षभराने, २०२२ च्या शेवटी तडजोड झाली आणि आकडा बाहेर आला. शहराच्या एकूण पाण्यापैकी चौथा हिस्सा, त्याहूनही थोडं जास्त, एकटं गूगल वापरत होतं. पाण्याचा आकडा लपवायला लागतो तेव्हा माझ्यासारख्या इंजिनिअरच्या डोक्यात घंटा वाजते. सर्व्हरमध्ये काय आहे ते गुपित ठेवा. नळातून किती गेलं, त्यात कसलं गुपित?

मग आपण काय मागायचं?

इथे मला बेलापुरातूनच बोलावं लागेल. सिडकोची स्थापना १९७० ची. ९५ गावांची जमीन या शहरासाठी घेतली गेली. आमच्या घरचीही त्यात होती, आजोबांची भातशेती. तेव्हाही सांगितलं गेलं होतं की शहर येतंय, नोकऱ्या येतील. दि. बा. पाटील यांनी आगरी-कोळी शेतकऱ्यांना घेऊन जो लढा दिला, त्यात जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघर परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. ती अंमलात येताना काय काय झालं तो वेगळा एपिसोड. पण दिबांची एक गोष्ट मला आजच्या विषयात महत्त्वाची वाटते. सरकारला जे हवं होतं ती जमीन होती, आणि त्यांनी वाटा मागितला तो जमिनीतच. नुसत्या नोकरीच्या आश्वासनावर ते थांबले नाहीत.

आज डेटा सेंटरवाल्यांना काय हवंय? जमीन, वीज, पाणी, सवलत. मग आपलं बोलणंही त्याच चार गोष्टींवर व्हायला हवं. आपण मात्र 'स्थानिकांना नोकऱ्या द्या' एवढंच मागत बसतो, म्हणजे ज्या दुकानात माल नाही तिथे जाऊन घासाघीस करतो. सवलत घेणाऱ्या प्रत्येक सेंटरने वर्षाला किती वीज, किती पाणी, जनरेटर किती तास चालला आणि कायम माणसं किती, हे चार आकडे जाहीर करावेत. आकडे दिले नाहीत तर सवलत बंद. हे मागायला कुठल्या आंदोलनाची परवानगी लागत नाही.

आणि काही आकडे आजही मिळतात, फक्त कुणी बघत नाही. वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठं बांधकाम असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते. डेटा सेंटर त्यात साध्या 'बांधकाम प्रकल्पा'त मोडतं, म्हणजे मॉल किंवा टॉवरसारखंच, आणि अशा प्रकल्पांना जनसुनावणी लागत नाही. ही मोठी पळवाट आहे, पण अर्जाची कागदपत्रं केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर असतात. त्यात पाण्याची गरज, विजेची मागणी, जनरेटरची संख्या लिहिलेली असते. फोनवर उघडतं. दुसरं, वीजदर ठरवताना राज्य वीज नियामक आयोग हरकती मागवतो आणि त्या कुणीही पाठवू शकतं. तिसरं, माहितीचा अधिकार. दहा रुपये फी. एमआयडीसीने कुठला प्लॉट कुठल्या अटीवर दिला, महापालिकेने किती पाणी मंजूर केलं, हे विचारता येतं. आमच्या बेलापुरात तर सोय अशी की सिडको भवन, कोकण भवन, महापालिका मुख्यालय, सगळं एकमेकांपासून रिक्षाच्या अंतरावर आहे.

मला स्वतःला काय वाटतं, असं कुणी विचारेलच. मला वाटतं यातली काही सेंटर खरंच लागणार आहेत आणि ती इथे असलेली बरी. काही मात्र जमिनीचा भाव आणि सवलतीचा हंगाम बघून जाहीर झालेली आहेत. कुठलं सेंटर कुठल्या गटातलं, हे मालकाच्या मनात डोकावून कळणार नाही. ते त्याच्या वीजबिलावरून, पाण्याच्या मीटरवरून आणि प्लॉटच्या करारावरून कळेल. ज्याला खरंच डेटा सेंटर चालवायचंय, त्याला हे चार आकडे द्यायला अडचण यायचं कारण नाही.

पुढच्या आठवड्यासाठी एक काम. तुमच्या भागातलं एक डेटा सेंटर निवडा, दिघा, रबाळे, महापे, पनवेल, पलावा, कुठलंही. परिवेशवर त्याचा अर्ज शोधा आणि पाण्याचा आणि जनरेटरचा आकडा मला पाठवा. आलेले सगळे आकडे पुढच्या एपिसोडमध्ये एकत्र वाचून दाखवतो. कंपनीचं नाव, प्लॉट आणि आकडा, एवढंच. भेटू.